विषारी शंखाचे वंशज

१६५० साली रेम्ब्राँने तांब्याच्या पत्र्यावर एक शंख कोरला. शंकूच्या आकाराचा, काळसर अंगावर पांढरे ठिपके, पूर्वेच्या समुद्रातून जहाजाने हॉलंडला आलेला. छापताना चित्र उलटं उमटतं हे त्याला अर्थातच ठाऊक होतं. सही त्याने पत्र्यावर उलटी कोरली, म्हणून कागदावर ती सरळ आली. शंख मात्र समोर दिसला तसाच कोरला आणि छापात त्याचा पीळ फिरला. डाव्या-उजव्या पिळावरून शंखाची किंमत ठरवणाऱ्या आपल्याकडच्या गिऱ्हाइकाने ही गडबड पहिल्या नजरेत पकडली असती. रेम्ब्राँच्या गिऱ्हाइकांना शंख म्हणजे कपाटात मांडून ठेवायची दुर्मीळ वस्तू. आतला जीव तोवर कधीच काढून टाकलेला असायचा.

त्या जिवाचा प्रताप रुम्फियसने नोंदवून ठेवला. हा जन्माने जर्मन, डच ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर, मुक्काम आंबोन बेट. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली, तरी तो माहिती गोळा करून दुसऱ्यांकडून लिहवून घेत राहिला. शंखशिंपल्यांवरचं त्याचं पुस्तक छापून आलं ते १७०५ साली, त्याच्या मृत्यूनंतर. बांदा बेटांवरची एक गुलाम बाई असला शंख नुसता हातात धरल्याने दगावली, असं त्यात आहे. पुढे अशा मृत्यूंच्या नोंदी वाढत गेल्या आणि आज त्या तीसहून अधिक भरतात. त्यातल्या बहुतेकांचा दोष ‘कोनस जिओग्राफस’ या एका जातीकडे जातो.

शंखातली गोगलगाय माणूस मारते, यावर विश्वास बसणं अवघडच. ती मासे खाते, हेही शास्त्राच्या पुस्तकात फार उशिरा आलं. अॅलन कोन यांनी हवाईत राहून या गोगलगायींचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यांच्या मासेखाऊपणावर १९५६ मध्ये लिहिलं. गोगलगायीच्या तोंडातला दात लांबून पोकळ, आकड्यांची टोकं असलेला छोटा भाला झालेला असतो. तो माशाच्या अंगात घुसला की त्यातून विष जातं. हे विष इतकं जालीम का, याचं कारण तिच्या चालीत आहे. डंख बसलेला मासा चार हात जरी लांब गेला, तरी तो तिच्या हाती पुन्हा लागायचा नाही. त्याला जागच्या जागीच गार करावा लागतो.

हे विष उलगडणारे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा लहानपणी मनिलात शंख जमवायचे. पण पुढे त्यांनी शंखावर संशोधन केलं ते या हौसेपेक्षा अडचणीमुळे जास्त. कॅल्टेकमधून डॉक्टरेट झाल्यावर ते स्टॅनफर्डला रॉबर्ट लेहमन यांच्याकडे गेले आणि डीएनए लायगेजवर काम करू लागले. डीएनएच्या तुटलेल्या धाग्याची टोकं सांधणारं हे प्रथिन १९६७ च्या सुमारास अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी शोधलं. आज जनुकांच्या कामात त्याच्यावाचून पान हलत नाही. एवढ्या चढाओढीच्या विषयातून ते फिलिपिन्सला परतले, तर तिथे त्या कामाला लागणारी यंत्रंच नव्हती. मिश्रणातून एकेक प्रथिन सुटं करायचं कसब तेवढं सोबत आलं होतं, आणि त्याला यंत्रांपेक्षा चिकाटी जास्त लागते. विष मुबलक मिळेल असा प्राणी मनिलाच्या आसपासच्या समुद्रात होता. सहकारी लूर्डेस क्रूझ यांच्यासोबत त्यांनी जिओग्राफसचं विष वेगवेगळ्या भागांत विभागायला सुरुवात केली.

कुठल्या भागात विष उतरलं हे ओळखायची त्यांची रीत अगदी बिनखर्ची होती. इंजेक्शन दिलेला उंदीर तारेच्या जाळीवर ठेवायचा, जाळी उलटी करायची आणि तो किती वेळात खाली पडतो ते मोजायचं. मला या सगळ्या हकिगतीत ही जाळी फार आवडते. परदेशातून यंत्र येण्याची वाट बघत बसले असते, तर पुढचं काही घडलं नसतं.

निकाल मात्र काहीसा निराश करणारा निघाला. सुटी झालेली पहिली विषं स्नायूंकडे येणारा मज्जातंतूंचा संदेश अडवत होती, आणि नागाच्या विषाचं काम हेच असतं. अवघ्या १३ अमिनो आम्लांत ते साधतं एवढीच नवलाई. तोवर ऑलिव्हेरा अमेरिकेत युटा विद्यापीठात गेले होते, समुद्रापासून शेकडो मैल दूर. विषय तिथेच मिटला असता. पण पदवीचा अभ्यास करणाऱ्या क्रेग क्लार्कने विचारलं, हे सुटे भाग उंदराच्या पोटात टोचण्याऐवजी थेट मेंदूत टोचून बघायचे का? ऑलिव्हेरांना त्यात फारसा अर्थ वाटला नव्हता, तरी त्यांनी ते करू दिलं. एका भागाने उंदीर झोपला, दुसऱ्याने अंग खाजवत सुटला, तिसऱ्याने गोल गोल धावू लागला. एक विष समजून ज्याच्यामागे ते लागले होते, ती शेकडो पेप्टाइडांची, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांची, सरमिसळ निघाली आणि त्यातल्या प्रत्येकाचा नेम वेगळा होता.

नुकतीच शाळा संपवून आलेल्या मायकल मॅकिन्टॉशने ‘कोनस मेगस’ या दुसऱ्या एका मासेखाऊ जातीच्या विषातून उंदराला थरथरायला लावणारा भाग शुद्ध केला. २५ अमिनो आम्लांची ही साखळी गंधकाच्या तीन टाक्यांनी घट्ट शिवलेली असते. तिच्यासारखंच एक पेप्टाइड जिओग्राफसमध्येही होतं. ते नक्की काय करतं हे लिन कर आणि डोजू योशिकामी यांनी १९८४ मध्ये बेडकाच्या मज्जातंतूंवर दाखवलं. मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरण्याच्या ज्या वाटा असतात, त्या ते बंद करतं. कॅल्शियम आत आलं नाही की पुढच्या पेशीला निरोप जात नाही. वेदनेचा निरोप मज्जारज्जूत अशाच वाटांच्या जोरावर पुढे सरकतो.

कंपनीने हात घातला तरी वेदना लगेच पुढे आली नाही. न्यूरेक्स नावाच्या कंपनीला आधी मेंदूच्या इजेवरचं औषध हवं होतं, वेदनेचा विचार नंतर आला. पुढे ही कंपनी एलनने विकत घेतली आणि डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत झिकोनोटाइड म्हणजे ‘प्रियाल्ट’ला मान्यता मिळाली. रेणू गोगलगायीचाच, एका अमिनो आम्लाचाही फरक नाही, फक्त कारखान्यात बनवलेला.

याला ‘निसर्गाची देणगी’ म्हणायची पद्धत आहे. गोगलगायीने काहीही दिलेलं नाही. मासा पळू नये म्हणून तिने जे घडवलं, ते माणसांनी वर्षानुवर्षं वाटून-गाळून वेगळं केलं. शिवाय हे औषध काही सुखाचं नाही. गोळी नाही, शिरेतून देता येत नाही. मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात पंपाने थेंबाथेंबाने सोडावं लागतं आणि दिवसाची कमाल मर्यादा १९.२ मायक्रोग्रॅम. जास्त झालं तर भ्रम होतो, भास होतात, गंभीर मानसिक त्रासाचा इशारा वेष्टनावरच असतो. मॉर्फीनने श्वास मंदावतो, त्याची सवय लागते आणि मात्रा वाढवत न्यावी लागते. इथे यातलं काही होत नाही. म्हणून बाकीचे इलाज थकले की मोजक्या रुग्णांसाठी डॉक्टर याच्याकडे येतात.

शंखविषाच्या या संशोधनाची एक शाखा आपल्याकडेही आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले के. एस. कृष्णन आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पी. बलराम यांनी मिळून भारताच्या किनाऱ्यावरच्या कोनस जातींतल्या पेप्टाइडांचा क्रम लावला. शंख बहुतेक तमिळनाडूच्या बाजूचे. पण या गोगलगायी उष्ण समुद्रांत सगळीकडे असतात. तेव्हा मालवण असो की अंदमान, ओहोटीच्या वेळी शंकूच्या आकाराचा जिवंत शंख दिसला तर तो उचलून खिशात टाकू नये.

२०१५ मध्ये ऑलिव्हेरा आणि हेलेना सफावी-हेमामी यांच्या गटाने जिओग्राफसच्या विषात इन्शुलिन शोधलं. माशाच्या इन्शुलिनशी मिळतंजुळतं. पाण्यात सोडलं की आसपासच्या माशांची साखर एकदम उतरते, ते सुस्तावतात आणि गोगलगाय पसरलेल्या तोंडात त्यांना ओढून घेते. माणसाच्या इन्शुलिनचे रेणू गटागटाने एकत्र राहतात आणि सुटे झाल्यावरच कामाला लागतात. शंखातल्या इन्शुलिनला ज्या टोकामुळे हे गट बनतात ते टोकच नाही, म्हणून ते तात्काळ लागू पडतं. ही युक्ती माणसाच्या इन्शुलिनला शिकवण्याचं काम चालू आहे.