कंबरेची गाठ

फरीदाबादेतील आमच्या कचेरीच्या व्हरांड्यात दुपारी तळहातावर खैनी चोळली जाते आणि चुन्यासह मळलेली ती चिमूट खालच्या ओठामागे जाऊन बसते. हे दृश्य पाहिले की आम्हांस डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे स्मरण होते.

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची सूत्रे खानोलकरांकडे आली. रोगट पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते थांबले नाहीत. रोगी कोठला, काय नेसतो, काय ओढतो, याचाही त्यांनी विचार केला. १९४५ साली बी. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी लोकरूढींशी निगडित असे कर्करोगाचे तीन प्रकार मांडले: चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरणाऱ्यांच्या टाळूचा, खैनी खाणाऱ्यांच्या ओठाचा आणि धोतर घट्ट कसणाऱ्यांच्या कंबरेचा! वस्त्र वर्षानुवर्षे एकाच जागी काचते, कातडी काळवंडते आणि कधी तेथे न भरणारा व्रण होतो. आमच्या आजोबांच्या कंबरेवर तसा काळा पट्टा होता. सुदैवाने तो पट्टाच राहिला.

धोतर मागे पडले, तेव्हा हे प्रकरण मिटले असे आम्ही समजत होतो. परंतु २०२४ मध्ये वर्ध्याच्या व बिहारच्या डॉक्टरांनी परकराच्या घट्ट नाडीखाली कर्करोग झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. नाडी सैल बांधावी, असे आम्ही घरी सुचविले. मातोश्री हसल्या आणि म्हणाल्या, “मग लुगडे राहील कशाच्या आधारावर?”