गॉब्लिन हा 'पर्सन' आहे का? एका स्पेलचा इतिहास आणि माझी चुकलेली प्लेट

धंतोलीत आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. रविवारी दुपारी एका मैत्रिणीच्या घरी आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. मागच्या रविवारी पाऊण तास एकाच प्रश्नावर वाद चालला: गॉब्लिनवर 'चार्म पर्सन' ही स्पेल चालते की नाही? एकाने 2014 च्या आवृत्तीचं पुस्तक काढलं, दुसरीने 2025 चं. गंमत म्हणजे दोघंही बरोबर होते. परत येताना लक्षात आलं, की हाच वाद मी लॅबमध्ये घातला होता. आणि तिथे मी हरले होते.

हा खेळ माहीत नसेल तरी हरकत नाही. मुद्दा एवढाच, की कुठलीही स्पेल कोणावर टाकता येते, याचा नियम असतो. आपल्याला हे नवीन नाही. पचीसीत फुलीच्या घरातली सोंगटी मारता येत नाही. पण तिथे फुली पटावर काढलेली असते, सगळ्यांना दिसते. 'पर्सन' या शब्दावर अशी फुली कुठे असते?

1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ तीन छोट्या पुस्तिकांमध्ये छापला. त्यात चार्म पर्सनचं टार्गेट वर्णनाने ठरवलं होतं: दोन पायांचा, साधारणपणे सस्तन, आकाराने माणसाएवढा किंवा लहान. भुतंखेतं वगळली होती. गॉब्लिन, कोबोल्ड आणि नोल यांची नावं मात्र मुद्दाम लिहून आत घेतली होती. म्हणजे अर्धी व्याख्या, अर्धी यादी. 'साधारणपणे' म्हणजे किती, हे ज्याने-त्याने आपापल्या टेबलावर ठरवायचं.

1978 च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये यादी लांबली. त्यात सरड्यासारखे लिझर्ड मेनही आले. म्हणजे 'सस्तन' ही अट गेलीच. यादीने वाद कमी होतात, पण नवा राक्षस आला की यादी गप्प बसते.

2000 साली तिसरी आवृत्ती आली आणि काम पद्धतशीर झालं. प्रत्येक जीवाला एक प्रकार दिला: ह्युमनॉइड, फे, अनडेड, ड्रॅगन वगैरे. चार्म पर्सनच्या मजकुरात 'टार्गेट' अशी वेगळी ओळ आली, आणि स्पेल ह्युमनॉइड या प्रकाराला बांधली गेली. आता वाद घालायचं कारण नाही, राक्षसाच्या पानावर प्रकार बघा आणि मोकळे व्हा.

पण 2025 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये गॉब्लिन फे झाले, कोबोल्ड ड्रॅगन झाले, नोल फीन्ड झाले. स्पेलची अट तीच राहिली: ह्युमनॉइड. तरी 1974 मध्ये नावानिशी आत घेतलेले हे तिघेही बाहेर गेले. व्याख्येला कोणी हात लावला नाही, खालचं वर्गीकरण सरकलं. जुन्या पेपरमधला आकडा आपल्या आकड्याशी ताडून बघताना हे आठवा. शब्द तोच असतो, आतला गट तोच असेलच असं नाही.

आता माझ्या लॅबकडे येते. 2017 च्या 'झनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग' या पुस्तकात एक नियम आहे: चुकीच्या टार्गेटवर स्पेल टाकली तर काहीच होत नाही, पण स्पेल खर्च होते. आणि ज्या स्पेलमधून समोरचा बचाव करून पूर्ण सुटू शकतो, तिथे टाकणाऱ्याला वाटतं की समोरच्याने बचाव केला. म्हणजे 'टार्गेट होतं, पण निसटलं' आणि 'टार्गेट नव्हतंच' हे दोन्ही बाहेरून अगदी सारखे दिसतात.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी ई. कोलायच्या प्लेटवर इतर डिस्कसोबत व्हॅन्कोमायसिनची डिस्क लावली. झोन आला नाही. मी तक्त्यात 'रेझिस्टंट' लिहिलं. अशा तीस-चाळीस प्लेट झाल्या, टक्केवारी भारी दिसायला लागली. गाइडने तक्ता बघून विचारलं, "ही डिस्क इथे लावलीच कशाला?" व्हॅन्कोमायसिनचा रेणू मोठा असतो. ग्रॅम-निगेटिव्ह बॅक्टेरियाच्या बाहेरच्या पटलातून तो आत शिरत नाही. त्या ई. कोलायने नवा रेझिस्टन्स कमावलाच नव्हता. ते व्हॅन्कोमायसिनचं टार्गेटच नव्हतं. मी वाद घातला की झोन नाही म्हणजे नाही. निरीक्षण खरं होतं, पण त्याचा मी काढलेला अर्थ चुकीचा होता. तो अख्खा रकाना खोडावा लागला.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तीन ओळी आधी लिहा. माझी पद्धत कोणत्या नमुन्यांना लागू होते? हे कोणत्या वर्गीकरणावर ठरवलं, आणि ते कोणत्या वर्षाचं? आणि परिणाम दिसला नाही, तर 'परिणाम नाही' आणि 'लागूच नव्हतं' यांतला फरक मी कशाने ओळखेन? तिसरीचं उत्तर बहुतेक वेळा कंट्रोलमध्ये असतं. ते सापडत नसेल तर प्रयोग सुरू करू नका.

गॉब्लिनचा निकाल? आम्ही आधी ठरवलं की आपण कोणतं पुस्तक धरून खेळतोय. मग वाद दोन मिनिटांत मिटला.