तेर ते चौल : आपल्या मुलखाचा समुद्रमार्ग

समुद्राशी मराठवाड्याचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या ज्ञातीतील एखाद्या तरुणाने विचारला, तर त्यास दोष देता येणार नाही. नांदेडची गोदावरी पूर्वेकडे वाहते. लातूरची मांजराही शेवटी तिलाच मिळते. कोकणचा किनारा सह्याद्रीपलीकडे शेकडो मैल दूर. त्यामुळे गलबते, बंदरे आणि जलदुर्ग हा कोकणवासीयांचा इतिहास आणि आपण केवळ यात्रेकरू, अशी समजूत आपल्या घराघरांत रूढ आहे. परंतु चौलचे प्राचीन बंदर व त्याच्या आसपासची बेटे पाहावयास जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. या किनाऱ्यावर साडेचार शतके ज्या राजांचा अंमल चालला, ते स्वतःस आपल्याच मुलखातील एका गावाचे स्वामी म्हणवीत असत.

ते गाव म्हणजे तेर. लातूरच्या पश्चिमेस, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी वसलेले हे गाव आपण गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखतो. त्याचेच प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाचे जे वर्णन लिहून ठेविले, त्यात पैठण व तगर या दक्षिणेतील दोन प्रमुख बाजारपेठांचा उल्लेख येतो. पैठणहून तगर दहा दिवसांच्या वाटेवर असून तेथून साधे कापड, तलम मलमल व इतर माल गाड्यांत भरून भडोच बंदरास जात असे, असे तो सांगतो. तगर म्हणजेच तेर, हे डॉ. फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. पुढे तेर येथे व जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडल्या. इटलीतील पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले; तेथे १९३८ साली मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी त्यांचे निकटचे साम्य आहे.

कोकणची बंदरे जवळ असता तगरचा माल दूर भडोचला का जाई? त्याच ग्रीक लेखकाने याचे उत्तर दिले आहे. कल्याण बंदर पूर्वी खुले होते. परंतु त्याच्या काळी तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या वैराचा हा परिणाम होय. राजकारण बदलले की व्यापाराची वाट बदलते आणि वाट बदलली की गावाचे दैवही बदलते, हा धडा येथे प्रथम मिळतो.

पुढे राष्ट्रकूटांचा उदय झाला. हे सम्राट स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत आणि लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे बहुतेक विद्वान मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही त्यांच्या वैभवाचे स्थान. तेथील विस्तीर्ण तलावास त्यांनी ‘जगत्तुंगसमुद्र’ असे नाव दिले. उत्तर कोकणात त्यांचे मांडलिक म्हणून शिलाहार राज्य करू लागले आणि आपल्या ताम्रपटांत मोठ्या अभिमानाने ‘तगरपुरवराधीश्वर’ ही पदवी मिरवू लागले. किनाऱ्यावर राहूनही त्यांनी आपले मूळगाव सोडले नाही.

या शिलाहारांच्या काळी चौलची भरभराट झाली. अरब लोक त्यास सैमूर म्हणत. अल् मसूदी हा बगदादचा प्रवासी इसवी सन ९१६ च्या सुमारास तेथे आला. त्या वेळी झंझ नावाचा शिलाहार राजा तेथे राज्य करीत होता. सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले आणि येथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान तेथे वस्ती करून असल्याचे मसूदीने नोंदविले आहे. शिलाहारांचे राज्य तेराव्या शतकात बुडविले तेही देवगिरीच्या महादेव यादवाने, म्हणजे मराठवाड्याच्याच राजाने.

बहामनी काळात ही वाट पुन्हा गजबजली. रशियन व्यापारी अफानासी निकितिन इसवी सन १४६९ च्या सुमारास एक घोडा घेऊन चौलास उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला गेला. बीदर म्हणजे आपल्या उदगीरच्या शेजारचे शहर. दक्षिणेतील फौजांना लागणारे घोडे समुद्रमार्गेच येत, आणि चौल हे त्यांचे एक मोठे दार होते.

आजचे चौल म्हणजे नारळीपोफळीच्या वाड्यांतील शांत गाव होय. रामेश्वराचे देवालय व त्यापुढील पुष्करिणी पाहून शेजारच्या रेवदंड्यास जावे. तेथे पोर्तुगीजांनी १५२१ साली बांधावयास घेतलेल्या किल्ल्याची तटबंदी, पडकी चर्चे आणि सातखणी मनोरा दिसतो. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने येथे दीर्घ वेढा घातला, परंतु ठाणे हाती आले नाही; १७४० साली ते मराठ्यांकडे आले. कुंडलिकेच्या खाडीपलीकडील कोर्लईच्या डोंगरावर दुसरा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याच्या गावी पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून उपजलेली बोली अद्याप बोलली जाते.

उत्तरेस थळच्या समोर खांदेरी व उंदेरी ही जोडबेटे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट बांधावयास घेतला. इंग्रजांच्या जहाजांनी अडवूनही ते काम थांबले नाही. लगेच पुढील वर्षी सिद्दीने शेजारची उंदेरी ताब्यात घेतली आणि दोन्ही बेटे एकमेकांवर तोफा रोखून उभी राहिली. खांदेरीचा समावेश २०२५ साली जागतिक वारशात झाला. दक्षिणेस मुरूडजवळचा जंजिरा अखेरपर्यंत अजिंक्य राहिला. त्याचे स्वामी हबशी होते; आपल्या औरंगाबादचा पाया ज्याने खडकी नावाने घातला, तो मलिक अंबरही हबशीच होता.

मग हे बंदर ओस का पडले? मुंबई वाढली, चौलचे विणकर तिकडे जाऊन वसले आणि खाडी गाळाने भरत गेली. इकडे आपला मुलूख निजामाच्या राज्यात राहिला. अठराव्या शतकात मछलीपट्टण इंग्रजांकडे गेल्यावर त्या राज्यास स्वतःचा किनाराच उरला नाही. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातुरास पोहोचली, तेव्हा आपला माल कुर्डुवाडीमार्गे मुंबईच्या वाटेस लागला. परंतु राज्याची सीमा मधे होतीच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. समुद्र आपला नव्हे ही भावना त्या दोन शतकांची आहे. तिच्यापूर्वीचे तगर व चौल यांचे नाते हजार वर्षांहून जुने आहे.

आज आपल्या ज्ञातीची मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी मुंबईस जातात. ती परक्या ठिकाणी जात नसून तगरच्या गाड्यांच्याच जुन्या वाटेने जात आहेत, हे त्यांस सांगितले पाहिजे. परंतु जाणाऱ्याने शिलाहारांचा कित्ता गिरवावा आणि मूळगावाचे नाव टाकू नये. कोकणच्या सहलीपूर्वी प्रत्येक कुटुंबाने एक दिवस तेरला द्यावा. तेथील विटांचे त्रिविक्रम मंदिर पाहावे आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालयही पाहावे. एका गृहस्थाने गावच्या पांढरीत मिळालेल्या वस्तू जपून ठेविल्या, म्हणून आपला हा इतिहास शिल्लक राहिला. आपल्या शेतात नांगराच्या फाळास लागणारे नाणे, मणी वा खापर मोडीत न घालता जाणत्यांच्या हाती द्यावे आणि घरातील जुनी कागदपत्रे वाळवीच्या तोंडी देऊ नयेत. ज्ञातीच्या या वार्षिक मेळ्यात एवढा संकल्प झाला, तरी पुढील पिढीस समुद्र परका वाटणार नाही.