क्रोशाचा सैल स्वेटर-ड्रेस

क्रोशाचा सैल स्वेटर-ड्रेस म्हणजे एकाच आकडेदार सुईने, लोकरीच्या अथवा सुती धाग्याने विणलेला, अंगाला न बिलगणारा आणि गुडघ्यापर्यंत किंवा त्याच्या जरा वर येणारा पेहराव. स्वेटर खाली लांबवला की जे वस्त्र तयार होते, तेच हे. त्याचे सोपे रूप चार आयतांचे असते: पुढचा भाग, पाठ आणि दोन बाह्या. गळ्याची गोलाई, मुंढ्याचा उतार, कमरेची चुणी यांपैकी काहीही त्यात विणावे लागत नाही. त्यामुळे रुमाल किंवा तोरण विणून हात बसलेल्या व्यक्तीला अंगावरचे पहिले वस्त्र म्हणून तो घेता येतो. मात्र ही सुलभता रचनेची आहे. श्रम आणि मोजमाप यांतून तिने सुटका होत नाही.

संज्ञा

'क्रोशे' हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ लहान आकडा असा आहे. मराठीत 'क्रोशा' आणि 'क्रोशे' ही दोन्ही रूपे रूढ आहेत आणि त्या कामाला 'क्रोशाकाम' किंवा 'क्रोशाचे विणकाम' म्हणतात. केवळ 'विणकाम' म्हटले की घरगुती बोलण्यात बहुधा दोन सुयांवरचे, उलट-सुलट टाक्यांचे काम अभिप्रेत असते. या दोहोंतला फरक मूलभूत आहे. दोन सुयांच्या विणकामात संपूर्ण ओळीचे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. क्रोशात कोणत्याही क्षणी सुईवर साधारणतः एकच फास उरतो. म्हणून काम मध्येच थांबवता येते, एखादा टाका निसटून खालपर्यंत ओघळत जाण्याची भीती नसते आणि चूक झाली तर हवे तेवढे उसवून पुढे जाता येते.

मराठी विणणाऱ्यांची परिभाषा नेमकी आणि चित्रमय आहे. पायाच्या फासांच्या रांगेला 'साखळी' म्हणतात. सुईवर धाग्याचा एक वेढा घेऊन उभा केलेला टाका हा 'खांब', दोन वेढे घेतले तर 'दोन वेढ्यांचा खांब', आणि वेढा न घेता घातलेला बुटका टाका हा 'मुका खांब'. दुकानात 'लोकर' या नावाने जे मिळते ते पुष्कळदा मेंढीच्या अंगावरचे नसून ॲक्रिलिकचे असते. बोलीत मात्र दोहोंना लोकरच म्हणतात.

परदेशी नमुना समोर ठेवून विणणाऱ्यांची फसगत येथे होते. मराठीतील साध्या खांबाला अमेरिकन पद्धतीत 'डबल क्रोशे' म्हणतात, तर ब्रिटिश पद्धतीत 'ट्रेबल'. ब्रिटिश पद्धतीतील 'डबल क्रोशे' म्हणजे मराठीतील मुका खांब. नमुना कोणत्या देशाचा आहे हे न पाहता काम सुरू केले, तर खांबांच्या जागी मुके खांब पडतात आणि तेवढ्याच ओळींत वस्त्राची लांबी निम्म्याहूनही कमी भरते. 'खांब' या शब्दाला असा दुहेरी अर्थ नाही, म्हणून नमुना आधी मराठीत उतरवून घेणे हे केवळ भाषाप्रेम नव्हे, ती सोयही आहे.

पूर्वपीठिका

आज ज्याला क्रोशा म्हणतात त्याचे छापील नमुने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून आढळतात. 'पेनेलोपे' या डच नियतकालिकात १८२३ साली आलेले नमुने त्यांतील आरंभीचे मानले जातात. त्याआधी युरोपात ताणलेल्या कापडावर आकडेदार सुईने साखळी टाका घालण्याचे भरतकाम लोकप्रिय होते. हे तंत्र पूर्वेकडून तिकडे गेले असे मानतात, आणि भारतातील आरीकाम त्याच जातीचे आहे. खालचे कापड काढून टाकले आणि साखळ्या एकमेकींतच गुंफल्या की क्रोशा होतो, अशी त्याच्या जन्माची एक उपपत्ती सांगितली जाते. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात अनेक कुटुंबांना क्रोशाच्या जाळीकामाने आधार दिला आणि तेथील मठांतून ते शिकवले गेले.

भारतात या कामाचे सर्वांत मोठे केंद्र आंध्र प्रदेशातील नरसापूर हे आहे. मॅक्रे नावाच्या मिशनरी दांपत्याने १८४४ च्या सुमारास तेथील स्त्रियांना लेस विणण्यास शिकवले. पुढे तो निर्यातीचा व्यवसाय झाला, आणि अलीकडे नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या लेसकामगार स्त्रियांचा अभ्यास १९८२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. दिवसाचे अनेक तास बाजारासाठी विणणाऱ्या स्त्रियांना 'गृहिणी' आणि त्यांच्या कामाला 'फावल्या वेळचा उद्योग' म्हटले की मजुरी आपोआप खाली राहते, हे त्यांच्या मांडणीचे सार आहे. क्रोशाच्या कोणत्याही वस्त्राचा विचार करताना ते लक्षात ठेवण्याजोगे आहे.

गोव्यात ख्रिस्ती घरांतून आणि चर्चमधील वेदीवस्त्रांच्या किनारींतून क्रोशा रुजला. महाराष्ट्रात तो मुख्यतः घर सजवण्यासाठी आला: दाराचे तोरण, दूरचित्रवाणी संचावरचा रुमाल, पाण्याच्या तांब्यावरची मणी लावलेली जाळी, बाळाची कुंची आणि मोजे. स्त्रियांना हस्तव्यवसाय शिकवणाऱ्या संस्थांत १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. पुढे शाळांतील कार्यानुभव विषयामुळे सुई-दोरा पुष्कळ मुलामुलींच्या हाती आला. मोठ्या माणसाने अंगात घालावयाचे वस्त्र मात्र दोन सुयांवर विणावे, क्रोशाने नव्हे, असाच प्रघात दीर्घकाळ होता. क्रोशाचे कापड जाडसर, कमी लवचीक आणि जास्त धागा खाणारे असते, हे त्याचे व्यावहारिक कारण. सैल कपड्यांची आवड वाढल्यावर हे दोष तितकेसे दोष राहिले नाहीत. जो कपडा अंगाला चिकटायचाच नाही, त्याला फारसे ताणले जाण्याची गरज नसते.

साहित्य

मध्यम जाडीची लोकर आणि ५ मिलिमीटरची सुई हा नवख्यांसाठी सोयीचा मेळ आहे. तोरणासाठी वापरतात ती बारीक पोलादी सुई येथे उपयोगाची नाही. मध्यम मापाच्या ड्रेसला पाऊण किलोच्या आसपास लोकर लागते. ती एकाच वेळी आणि एकाच रंगघाणीची घ्यावी लागते, कारण कागदी पट्टीवरचा रंगाचा क्रमांक तोच असला तरी घाणीचा क्रमांक बदलला की छटा किंचित बदलते आणि तो फरक पाठीवर आडव्या पट्ट्यासारखा दिसतो.

धाग्याची निवड हवामानावर अवलंबून असते. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर, कोरेगाव या भागात डिसेंबर-जानेवारीतील पहाट गार असते, पण दुपारी ऊन चांगलेच तापते. तेथे जाड ॲक्रिलिकचा ड्रेस सकाळ-संध्याकाळपुरताच अंगावर राहतो. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात मात्र तो दिवसभर चालतो. सपाटीवर सुती किंवा सूत-ॲक्रिलिक मिश्र धागा अधिक सुखावह असतो, परंतु सूत जड असल्याने ड्रेस लोंबून लांब होण्याची शक्यता वाढते. याच जिल्ह्यातील माण-खटाव भागात दख्खनी मेंढ्यांची लोकर विपुल असूनही ती या कामी येत नाही. ती राठ आणि टोचरी असते. तिचे खरे वस्त्र घोंगडी.

नमुना चौकोन आणि मोजमाप

या कामातील एकमेव शिस्त म्हणजे आधी एक लहान चौकोन विणून पाहणे. कंटाळा करून बहुतेक जण हीच पायरी गाळतात. निवडलेल्या लोकरीने आणि सुईने साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून त्याच्या मध्यभागी १० सेंटिमीटरमध्ये किती खांब आणि किती ओळी बसतात ते मोजतात. पुढील उदाहरणात १० सेंटिमीटरमध्ये १२ खांब आणि ७ ओळी असे प्रमाण धरले आहे.

छातीचा घेर ९० सेंटिमीटर असेल तर सैलपणासाठी त्यात ३० सेंटिमीटर मिळवून १२० सेंटिमीटर घेर घेतात. पुढचा भाग आणि पाठ प्रत्येकी ६० सेंटिमीटर रुंद, म्हणजे ७२ खांबांची. लांबी ९० सेंटिमीटर ठेवायची तर ६३ ओळी होतात. विणणाऱ्याचा हात घट्ट असेल आणि १० सेंटिमीटरमध्ये १२ ऐवजी १४ खांब बसत असतील, तर त्याच ७२ खांबांची रुंदी जेमतेम ५१ सेंटिमीटर भरते आणि घेरात सुमारे १७ सेंटिमीटर कमी पडतात. ड्रेस तरीही अंगात जातो, पण सैल राहत नाही. अशा वेळी खांबांची संख्या बदलण्यापेक्षा एक माप मोठी सुई घेणे सोपे.

रचना

पहिल्या भागासाठी ७४ साखळ्या घालतात. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब येतो आणि सोडलेल्या तीन साखळ्या एका खांबाच्या जागी धरल्या जातात. अशा रीतीने ओळीत ७२ खांब होतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी काम उलटवून तीन साखळ्या घालतात, आणि त्याही नव्या ओळीचा पहिला खांब मानल्या जातात. हा पहिला आणि ओळीच्या टोकाचा शेवटचा खांब नवख्यांच्या हातून हमखास सुटतो. परिणामी आयत वर निमुळता होत जातो आणि तो का झाला हे कळत नाही. दर चार-पाच ओळींनी खांब मोजणे हा त्यावरचा साधा उपाय. ६३ ओळी झाल्यावर धागा तोडतात आणि तसाच दुसरा आयत विणतात. पुढचा आणि मागचा असा भेद नसल्याने ड्रेस कोणत्याही बाजूने घालता येतो.

दोन्ही आयत एकमेकांवर ठेवून वरच्या कडेला दोन्ही टोकांकडून १९-१९ खांब शिवतात. मधले ३४ खांब, म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटर, गळ्यासाठी मोकळे राहतात. ही रुंदी मनाने कमी करू नये, कारण क्रोशाचा गळा दोन सुयांवरच्या गळ्याइतका ताणत नाही आणि त्यातून डोके जावे लागते. खांदे रुंद असल्याने शिवण खांद्यावर न राहता दंडावर उतरते, म्हणून मुंढा कापावा लागत नाही.

बाहीसाठी ५२ खांबांचा, सुमारे ४३ सेंटिमीटर रुंदीचा आणि २८ ओळींचा आयत पुरतो. खांदा आधीच दंडावर आल्याने ४० सेंटिमीटरची बाही मनगटाच्या जवळ पोहोचते. तिचा मध्य खांद्याच्या शिवणीशी जुळवून ती जोडतात. नंतर बाहीची खालची कड आणि ड्रेसची बगल एका सलग शिवणीत बंद करतात. तळाशी दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर मोकळे ठेवले तर चालताना पाऊल अडत नाही. मनगटाशी आवळपणा हवा असेल तर शेवटच्या काही ओळींत खांब कमी करून, टाक्याच्या केवळ मागच्या धाग्यातून मुके खांब घालतात; त्याने पट्टीला लवचिकपणा येतो. गळ्याला आणि तळाला मुक्या खांबांची एक ओळ फिरवली की कड सरळ बसते.

रंगीत चौकोन वेगवेगळे विणून ते जोडण्याचीही पद्धत आहे. प्रवासात विणण्यास ती सोयीची, पण प्रत्येक चौकोनाची दोन टोके लपवण्याचे काम इतके वाढते की सोपेपणाचा दावा उरत नाही.

निगा

हा ड्रेस हँगरला टांगून ठेवू नये. स्वतःच्या वजनाने तो महिन्याभरात काही सेंटिमीटर लांबतो आणि खांदे ओघळतात. घडी घालून ठेवणे आणि धुतल्यावर पिळण्याऐवजी पंच्यात गुंडाळून दाबून, सपाट जागेवर वाळवणे योग्य. ॲक्रिलिकवर तापलेली इस्त्री फिरवल्यास धागा कायमचा चपटा आणि निर्जीव होतो. जुना झालेला ड्रेस उसवून लोकर पुन्हा वापरता येते. उसवलेल्या कुरळ्या धाग्याची लडी करून ती कोमट पाण्यात भिजवून वाळवली की तो बराचसा सरळ होतो.

श्रम आणि किंमत

वरील मापाच्या ड्रेसमध्ये दोन मोठ्या आयतांचे ९,०७२ आणि बाह्यांचे २,९१२ असे मिळून जवळपास १२,००० खांब असतात. मिनिटाला १५ खांब अशी सरावलेल्या हाताची गती धरली तरी केवळ खांब घालण्यास १३ तासांहून अधिक वेळ लागतो. नमुना चौकोन, शिवण, टोके लपवणे आणि उसवलेल्या ओळी यांचा हिशेब त्यात नाही.

हे श्रम यंत्रावर टाकता येत नाहीत. दोन सुयांच्या विणकामाची यंत्रे सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत, परंतु खऱ्या क्रोशाचे कापड व्यापारी प्रमाणावर विणणारे यंत्र अद्याप प्रचारात नाही. प्रत्येक टाका वेगळ्या दिशेने उचलावा लागतो, ही त्यातील अडचण. 'क्रोशा यंत्र' नावाने जी यंत्रे विकली जातात ती दिसायला तशीच, पण निराळ्या गुंफणीची जाळी करतात. म्हणून दुकानात खरा क्रोशाचा ड्रेस अत्यंत स्वस्त मिळत असेल, तर तो कोणाच्या तरी हाताने विणलेलाच आहे, आणि त्या स्वस्ताईचा भार लोकरीच्या किमतीपेक्षा विणणारीच्या मजुरीवर पडलेला असण्याचा संभव अधिक. घरी मागणीवरून विणून देणाऱ्या स्त्रियांनाही केवळ लोकरीचे पैसे आणि वर 'काहीतरी' देण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. सांगताना तास मोजून सांगितले, तर निदान किमतीची चर्चा त्या तासांपासून सुरू होते.