बंडखोरीची स्टाइल बूट विकायला कशी आली?

पनवेलच्या मॉलमध्ये बूट घ्यायला गेलात, तर पोस्टरवर ग्रॅफिटीची भिंत, हुडी आणि रॅपरची पोझ दिसू शकते. प्रस्थापितांविरुद्ध उभी राहिलेली ही स्टाइल जाहिरातीत कशी पोहोचली?

नेमकं काय होतं?
व्यवस्था नाकारणाऱ्यांच्या कलेला आणि राहणीला प्रतिसंस्कृती म्हणतात. तरुणांना चारचौघांपेक्षा वेगळं दिसायचं असतं. कंपन्या तीच इच्छा आपल्या मालाला जोडतात.

मुंबईतलं उदाहरण
२०१५ मध्ये डिव्हाइन आणि नेझी यांचं ‘मेरे गली में’ हे रॅप गाणं गाजलं. त्यात मुंबईच्या गल्लीबोळांतलं जगणं होतं. २०१७ मध्ये प्यूमाने ‘स्वेड’ बुटांसाठी ‘स्वेड गली’ हा म्युझिक व्हिडिओ आणला. त्यात डिव्हाइनसह वेगवेगळ्या भाषांतले रॅपर होते. ‘गली बॉय’ सिनेमा त्यानंतरचा, २०१९ चा.

या बुटाचा जुना इतिहास
१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यत जिंकलेला अमेरिकेचा टॉमी स्मिथ पदक घेताना फक्त काळ्या मोज्यांवर उभा राहिला. प्यूमाचा बूट त्याने बाजूला ठेवला होता. अनवाणी पाय हे कृष्णवर्णीयांच्या गरिबीचं प्रतीक होतं. राष्ट्रगीताच्या वेळी मूठ उंचावल्यामुळे त्याला संघातून काढण्यात आलं. पुढे तोच प्रसंग या बुटाची ओळख बनला.

मग यात चुकीचं काय?
कलाकाराला पैसे आणि मोठा श्रोतावर्ग मिळतो, हा फायदाच. पण जाहिरातीत ताल आणि कपडे येतात. गरिबी, भेदभाव हे विषय बहुतेकदा बाहेर राहतात. त्यामुळे अशी जाहिरात शेअर करण्याआधी एवढं बघा: कलाकाराचं मूळ म्हणणं त्यात उरलंय का?