घरावर सोलर बसवायचंय? कायदा कुठे तुमच्या बाजूने आहे आणि कुठे नाही

परभणीत उन्हाळा लागला की कूलर सुरू होतो आणि बिल वाढतं. मग घरात सोलरचा विषय निघतो आणि सोबत प्रश्नही: महावितरणने नाही म्हटलं तर? सोसायटीने अडवलं तर? महाराष्ट्रात या सगळ्याचं उत्तर देणारा एकच कायदा नाही. उत्तरं वेगवेगळ्या नियमांत विखुरलेली आहेत.

महावितरण अडवू शकतं का?
१० किलोवॅटपर्यंत जवळपास नाही. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये बदल झाला. आता १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज पूर्ण भरलेला असेल तर तांत्रिक तपासणीशिवाय तो मंजूर झाला असं धरलं जातं. मंजूर भार वाढवावा लागला तर ते काम वीज कंपनीचं. घरगुती वापराला साधारण ३ किलोवॅट पुरतात, म्हणजे बहुतेक घरं या नियमात बसतात. तरीही अर्ज रखडला तर आधी महावितरणकडे लेखी तक्रार करा आणि मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा.

जास्तीच्या विजेचं काय?
१ किलोवॅटमधून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. दुपारी उरलेली वीज ग्रिडमध्ये जाते आणि नेट मीटर तिची नोंद ठेवतो. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांनुसार हे युनिट तुमच्या बिलातून वजा होतात आणि शिल्लक पुढच्या महिन्यात जाते. आर्थिक वर्षाअखेरीस उरलेले युनिट आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतले जातात. म्हणून वापर बघूनच संच घ्या.

अनुदान किती?
पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये मिळतात. पॅनेल भारतात बनवलेल्या सेलचेच हवेत. पैसे थेट बँक खात्यात येतात. 'अनुदान मंजूर करून देतो, आधी ओटीपी सांगा' असा फोन आला तर सरळ कट करा.

सोसायटी किंवा घरमालक?
इथे कायदा तुमच्या बाजूने फारसा नाही. अपार्टमेंटची गच्ची सामाईक असते, त्यामुळे सोसायटीची संमती लागते. भाडेकरूला मालकाची परवानगी हवी. शेजाऱ्याने मजला चढवला आणि पॅनेलवर सावली पडली, तर त्यासाठी राज्यात सोलरचा वेगळा कायदा नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मात्र १९७८ पासूनच्या कायद्यामुळे सोसायटीला विनाकारण सोलर अडवता येत नाही.

सक्ती आहे का?
जुन्या घरांवर नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मोठ्या नव्या इमारतींसाठी सोलर वॉटर हीटर किंवा छतावरच्या सोलरची तरतूद आहे. नवा फ्लॅट घेताना बिल्डरला हे जरूर विचारा. कॅलिफोर्नियात २०२० पासून बहुतेक नव्या घरांना सोलर बंधनकारक आहे.

लाईट गेल्यावर सोलर चालतं का?
साध्या ग्रिडवाल्या संचात नाही. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. भारनियमनात वीज हवी असेल तर बॅटरीवाला हायब्रिड संच लागतो. कोटेशन घेतानाच हे ठरवा.

थोडक्यात, घर आणि छत स्वतःचं असेल तर नियम तुमच्या बाजूने आहेत. फ्लॅटमध्ये राहत असाल तर पहिलं काम म्हणजे पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडणं.