मोटारसायकल शर्यत, मातीवरील (हौशी)

डांबर सोडून माती, मुरूम, चिखल आणि चढउतारांवर होणारी मोटारसायकलींची शर्यत. मोटोक्रॉस, सुपरक्रॉस व एन्ड्युरो हे तिचे मुख्य प्रकार.

मोटोक्रॉसमध्ये सारे स्वार एका ओळीत उभे राहतात आणि लोखंडी गेट पडताच एकदम सुटतात. ही शर्यत अंतरावर नव्हे, वेळेवर चालते : जागतिक स्पर्धेत ३० मिनिटे व वर २ फेऱ्या, हौशी स्पर्धांत बरेच कमी. अशा दोन शर्यतींचे गुण मिळवून निकाल लागतो. पहिल्याला २५, दुसऱ्याला २२, तिसऱ्याला २० गुण. त्यामुळे एक शर्यत जिंकून दुसरीत आपटलेल्या स्वाराला दोन्हीकडे दुसरा आलेला सहज मागे टाकतो. सुपरक्रॉस म्हणजे हाच खेळ स्टेडियमात, रचलेल्या मातीच्या उंचवट्यांवर; २८ जानेवारी २०२४ रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीला झाली. एन्ड्युरोत स्वार ठरावीक अंतराने निघतात. नाक्यावर नेमून दिलेल्या मिनिटालाच पोचायचे. उशिराला दंड असतोच, पण लवकर पोचले तरी दंड.

नवख्याने आधी निशाणे पाठ करावीत. पिवळे हलले की पुढे कोणी पडले आहे : वेग कमी, ओव्हरटेक नाही, उडी नाही, चाके जमिनीवर टेकलेली. निळे दिसले की मागून येणाऱ्या, एक फेरी पुढे असलेल्या स्वाराला वाट द्यायची. लाल दिसताच शर्यत थांबते, काळे दाखवले तो स्वार बाद. शर्यतीआधी तांत्रिक तपासणी होते. आरसे, इंडिकेटर, स्टँड उतरवलेले हवेत. इंजिन बंद करणारे बटण चालू हवे. हेल्मेट, गॉगल, बूट, छाती-गुडघ्यांची कवचे यांवर आधी पैसे घालावेत, गाडीवर मागाहून. देशात या खेळाचे नियमन १९७१ साली स्थापन झालेला मोटर स्पोर्ट्स क्लबांचा महासंघ (एफएमएससीआय) करतो. त्याच्या मान्यतेच्या स्पर्धेत उतरायला परवाना लागतो.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांची जमीन सरावाला मानवणारी आहे. भातकापणी झाली की खाचरे मोकळी होतात, वरकस माळावर मुरूम असतो. मात्र खाचराचा बांध उडीसाठी नसतो. तो फुटला तर पुढच्या पावसात शेत पाणी धरत नाही. म्हणून वरकसच बरे, आणि तेही मालकाच्या संमतीने, ग्रामसभेला विश्वासात घेऊन. शहापुरातील तानसा अभयारण्य आणि मुरबाडच्या पूर्वेकडील भीमाशंकर अभयारण्याचा भाग यांकडे फिरकूही नये. माळशेज घाट ही तर धावपट्टी नव्हेच. सार्वजनिक रस्त्यावर राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा असून पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.